ओलं ग्रिल, बारीक वायर

९ सप्टेंबर २०२२, अनंत चतुर्दशी. पनवेलजवळच्या वडघर कोळीवाड्यात गणपती विसर्जनाला निघाले होते. संध्याकाळी सातच्या सुमारास मिरवणुकीतल्या जनरेटरची केबल तुटली आणि अकरा जणांना विजेचा धक्का बसला. त्यांत नऊ महिन्यांचं एक तान्हं बाळही होतं. जखमींना पनवेलच्या रुग्णालयांत हलवावं लागलं. दोन दिवस बातमी चालली आणि मागे पडली. त्या वर्षी २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं, म्हणजे दिवाळीला जेमतेम सहा आठवडे उरले होते. कोळीवाड्याच्या रस्त्यावर त्या संध्याकाळी जे एकत्र आलं होतं, ती वीज वाहणारी वायर, ओली जमीन आणि उघड्या पायांची माणसं, तेच सगळं दिवाळीत पनवेलच्या घराघरांच्या गॅलरीत पुन्हा एकत्र येतं. मिरवणुकीत निदान आजूबाजूला पन्नास माणसं असतात. गॅलरीत माळ लावणारा माणूस बहुतेक वेळा एकटा असतो.

आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं जातात. त्यातले बहुतेक मृत्यू शेतात, बांधकामांवर, उघड्या तारांखाली होतात. दिवाळीच्या माळेमुळे किती जातात, हे वेगळं मोजलं जात नाही. तरीही हा विषय दिवाळी अंकात यायला हवा असं मला वाटतं. वर्षभर विजेला हात न लावणारी माणसं याच आठवड्यात स्टुलावर चढतात, टेप कापतात, जोड मारतात. एरवी बल्ब बदलायलाही वायरमनला फोन करणारं घर दिवाळीत स्वतःच वायरमन होतं.

पनवेलचं म्हणून एक वेगळेपण आहे. हे गाव खाडीकाठचं, पाऊस भरपूर, हवा दमट. परतीचा पाऊस कागदोपत्री ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जातो, पण संध्याकाळी ढग जमून तासभर कोसळणं दिवाळीच्या तोंडावरही होतं. आणि नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, कळंबोली, जिथे जाल तिथे इमारतींना लोखंडी ग्रिल. मजल्यामागून मजला, खिडकीबाहेर फूट-दीड फूट पुढे आलेलं, रंग उडालेलं, कोपऱ्यांत गंजलेलं. त्यावर कुंड्या, त्याला कपडे वाळत घालायच्या दांड्या, आणि दिवाळीत त्यालाच गुंडाळलेली दिव्यांची माळ. ग्रिल सोयीचं आहे यात शंका नाही. खिळा मारायला नको, सुतळी बांधायला नको. वायर दोन गजांतून ओवली की झालं. पण घरातली सगळ्यांत कच्ची वायर आपण घरातल्या सगळ्यांत मोठ्या लोखंडी वस्तूला आवळून बांधत असतो, तीही पावसात भिजणाऱ्या जागी.

ही वायर किती कच्ची असते हे पाहण्यासाठी रस्त्यावरच्या एका गाडीवरून घेतलेली साधी रंगीत माळ मी टेबलावर उघडून पाहिली. टू-पिन प्लग हलका, पिना बोटाने हलतात. वायर शेवयांइतकी बारीक. वरचं प्लास्टिक नखाने ओरबाडलं तरी निघतं आणि आत तांब्याचे मोजके केस. पुढे एक छोटी डबी, तिच्यावर दिवे कधी लुकलुकवायचे, कधी स्थिर ठेवायचे याचं बटण. डबी उघडली तर आत काळ्या ठिपक्याखाली लपलेली चिप, चार डायोड आणि दोन-तीन तीन पायांचे पुर्जे. ट्रान्सफॉर्मर नाही. विजेचा दाब कमी करणारं काहीच नाही.

यातली मेख समजून घ्यायला हवी. एलईडीचा एक दाणा दोन-तीन व्होल्टवर पेटतो, म्हणून माळ निरुपद्रवी वाटते. पण भिंतीतल्या सॉकेटमधून येतात २३० व्होल्ट. या स्वस्त माळांमध्ये पन्नास-साठ दाणे एकामागोमाग एक जोडून तेवढा दाब त्यांच्यात वाटून टाकलेला असतो. माळ पेटलेली असताना एखादा दाणा तुटून वायरीची दोन टोकं उघडी पडली, तर त्या टोकांमध्ये दोन-तीन व्होल्ट नसतात, जवळजवळ पूर्ण मेन्सचा दाब असतो. पूर्वीच्या मिरचीसारख्या छोट्या बल्बांच्या माळेतही हेच होतं. एलईडीने विजेचं बिल कमी केलं, माळेचं तापणं कमी केलं. धक्का मात्र तोच राहिला. ‘एवढीशी तर माळ, ती काय करंट मारणार’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की या लेखातली एकच गोष्ट वाचकाच्या लक्षात राहणार असेल, तर ती ही राहावी.

आता दुसरी अडचण. टू-पिन प्लग कसाही उलटा-सुलटा बसतो. माळेच्या डबीवरचं बटण एकाच वायरीवर काम करतं. प्लग उलटा बसला की बटणाने दिवे विझतात, पण फेज माळेत तसाच उभा राहतो. भिंतीवरच्या बटणाचंही जुन्या घरांत तेच. कुणी कधी काळी बटणाला फेजऐवजी न्यूट्रल जोडला असेल तर बटण बंद असूनही सॉकेट जिवंत. म्हणून माळेला हात लावायचा तर दिवे विझले यावर विसंबायचं नाही. प्लग सॉकेटमधून बाहेर काढून हातात घ्यायचा. टेस्टर हवाच, पण प्लग डोळ्यांसमोर असणं त्याहून भरवशाचं.

ग्रिलकडे परत येऊ. माळ वाऱ्याने हलते, गंजलेल्या गजाची धार वायरीला घासते, चार दिवसांत प्लास्टिक कापलं जातं आणि तांब्याचे केस लोखंडाला टेकतात. पुढे काय होतं? बहुतेकांची समजूत अशी की एमसीबी पडेल. पडणार नाही. एमसीबी जादा भार आणि शॉर्ट सर्किट ओळखते. सहा किंवा दहा अँपिअरची एमसीबी त्याहून बराच जास्त प्रवाह गेल्याशिवाय हलत नाही. भिंतीत रोवलेल्या ग्रिलला अर्थिंग नसतं, त्यामुळे लोखंडात वीज येऊन नुसती थांबते. दिवे छान लागलेले असतात, घरात काही बिघडल्याची खूण नसते. मग कुणीतरी ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कुंडीला पाणी घालतं आणि ग्रिलला हात लावतं. ओल्या शरीराचा विरोध साधारण हजार ओहमपर्यंत उतरतो. म्हणजे २३० व्होल्टला शरीरातून जाऊ शकतात जवळपास २३० मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या पुढे जीव धोक्यात. एमसीबीच्या हिशेबी २३० मिलिअँपिअर म्हणजे एखाद्या साध्या दिव्याचा भार, दखल घेण्याजोगंच नाही.

ही दखल घेणारं उपकरण वेगळं असतं. आरसीसीबी, जुने वायरमन त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. फेजमधून जेवढी वीज गेली तेवढी न्यूट्रलमधून परत आली का, एवढंच ते सतत पाहत असतं. तीस मिलिअँपिअरची तफावत आली, म्हणजे कुणाच्या तरी शरीरातून किंवा ओल्या भिंतीतून वीज जमिनीकडे निघाली, की पापणी लवायच्या आत घराचा पुरवठा तोडतं. किंमत साधारण दीड ते तीन हजार. त्याच्या तोंडावर ‘टी’ लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते दाबल्यावर खटका पडला पाहिजे. आपल्या घरातल्या विजेच्या मुख्य बोर्डात, म्हणजे डीबीत, हे आहे का, हे आज, हा अंक हातात असतानाच उठून पाहा. ‘टी’चं बटण नसेल तर ती फक्त एमसीबी आहे.

इथे मला एका सवयीबद्दल कळकळीने बोलायचं आहे. पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडू लागतो. घरातली मंडळी वैतागतात, वायरमन येतो आणि ‘हा काढूनच टाकू, सारखा ट्रिप होतो’ म्हणत थेट जोडणी करून देतो. फ्रिज चालू, टीव्ही चालू, सगळे खूश. पण आरसीसीबी पडत होता कारण कुठेतरी खरोखर गळती होती. ओलावा शिरलेला बाहेरचा सॉकेट, गीझरचं फुटलेलं कॉइल, भिंतीत भिजलेला जोड. एकेक सर्किट बंद करत गळती शोधायला तास-दोन तास लागतात, त्याचे पैसे द्यावेत. जीव वाचवणारं घरातलं एकमेव उपकरण कटकट करतं म्हणून काढून टाकणं हा दिवाळीच्या सगळ्या चुकांमधला सर्वांत मोठा गुन्हा आहे, आणि तो सगळ्यांच्या संमतीने होतो. आरसीसीबीलाही मर्यादा आहे. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर त्याला काही कळत नाही, कारण गेलेली वीज परत आलेली असते. जनरेटरवर किंवा शेजारच्या मीटरवरून ओढलेल्या वायरीवर आपल्या घरातल्या आरसीसीबीचा काहीच अंमल नसतो.

याहून सोपा मार्ग म्हणजे कमी दाबाची माळ. प्लगच्या जागी मोबाइलच्या चार्जरसारखा अडॅप्टर असतो आणि पुढे जाते ती १२ किंवा २४ व्होल्टची वीज. यूएसबीवर चालणाऱ्या माळा ५ व्होल्टच्या. अडॅप्टर चांगल्या दर्जाचा असेल आणि घरात कोरड्या जागी राहिला तर बाहेरची माळ कापली गेली, भिजली, ग्रिलला टेकली तरी धक्का बसण्याजोगं काही उरत नाही. सौर माळांचंही तसंच. माझं स्पष्ट मत आहे: लोखंडी ग्रिल असलेल्या गॅलरीत थेट २३० व्होल्टची माळ लावूच नये. कमी दाबाची माळ महाग पडते, पण दोन-तीन दिवाळ्या टिकते. खोक्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक, ‘आर’ आणि पुढे आठ आकडे, छापलेला आहे का हे पाहावं. तो खरा आहे की नुसता छापलेला, हे बीआयएस केअर नावाच्या सरकारी अॅपवर दुकानातच उभं राहून तपासता येतं.

खोक्यावर आणखी एक खूण असते, ‘आयपी’ आणि पुढे दोन आकडे. त्यातला दुसरा आकडा पाण्याचा. आयपी २० म्हणजे पाण्यापासून काहीही संरक्षण नाही, ही माळ हॉलमध्ये देवघराभोवतीच. आयपी ४४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे चालतील. आयपी ६५ म्हणजे पाण्याची धारही चालेल. पण हा आकडा बहुधा दिव्यांच्या पट्टीचा असतो; प्लग, डबी आणि मधला जोड त्यात धरलेला नसतो. पट्टी पावसात आणि प्लग छज्ज्याखालच्या एक्स्टेन्शन बोर्डात, असं केलं तर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

वायर घराबाहेर काढायची कुठून, हा प्रश्न साधा वाटतो आणि सगळी घरं तिथेच फसतात. सरकत्या खिडकीच्या फटीतून वायर काढतात आणि रात्री डास येतात म्हणून खिडकी ओढून लावतात. अॅल्युमिनियमच्या चौकटीची कड वायरीवर बसते. सकाळी उघडली, रात्री लावली, असं आठवडाभर. ती वायर काढून पाहा, चपटी झालेली दिसेल. आणि ती चौकटही धातूचीच आहे. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक असेल तर वायर तिथून न्यावी, नाहीतर पडद्यामागे एक नळी बसवून घ्यावी. वायर बाहेरून बोर्डाकडे आणताना आधी खाली झोका देऊन मग वर घ्यावी. वायरीवरून ओघळत आलेलं पाणी झोक्याच्या तळाशी टपकतं, सॉकेटपर्यंत पोचत नाही. जोड मारायचा झालाच तर नुसता पीळ देऊन चिकटपट्टी लावू नये. कागद चिकटवायची पारदर्शक पट्टी तर उन्हात दोन दिवसांत सुटते. बाजारात वायरीचे जोड घालायच्या बंद डब्या मिळतात, त्या वापराव्यात, आणि जोड फरशीवर पडू देऊ नये.

नरक चतुर्दशीची पहाट मला सगळ्यांत काळजीची वाटते. घर अंधारात जागं झालेलं, अंगाला तेल, उटणं, डोक्यावरून गरम पाणी. अभ्यंगस्नान झालं की कारिट फोडायला आणि पणत्या लावायला सगळे दाराबाहेर. केसांतून पाणी निथळतंय, फरशी रांगोळीसाठी नुकतीच धुतलेली, पायात काही नाही. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, ‘अरे, कंदील लावा की,’ आणि ओला हात एक्स्टेन्शन बोर्डाकडे जातो. यावर उपाय अगदी साधा आहे. कंदील आणि माळा टायमरवर लावाव्यात किंवा स्नानाला जाण्याआधीच चालू कराव्यात. मुलांना सांगून ठेवावं की अंग पुसून, चपला घालून आल्याशिवाय बटण नाही.

आकाशकंदिलाचं एक दुखणं आता बरंच कमी झालंय. पूर्वी कागदाच्या कंदिलात साठचा पिवळा बल्ब सोडला की तासाभरात कागद तपकिरी व्हायचा. मग लोक ‘झिरोचा’ बल्ब लावू लागले. तोही शून्य वॅटचा कधीच नव्हता, बारा-पंधरा वॅट खायचाच. आता पाच-सात वॅटच्या एलईडीने ती उष्णता गेली. होल्डर मात्र तसाच. कंदिलाचा भार वायरीवर टाकू नये; कंदील दोरीने टांगावा आणि वायर सैल सोडावी. नाहीतर वाऱ्याने हेलकावे खाताना होल्डरमधला स्क्रू सुटतो.

धक्का आणि आग याबद्दल लोक थोडंफार बोलतात, पडण्याबद्दल कुणीच बोलत नाही. अमेरिकेत ग्राहक-सुरक्षेचं काम पाहणाऱ्या सरकारी आयोगाच्या हिशेबाने नाताळच्या हंगामात घरं सजवताना रोज सुमारे १६० माणसं जखमी होतात आणि त्यातली निम्म्याच्या आसपास पडल्यामुळे. तिथे शिडी असते. आपल्याकडे प्लास्टिकचं स्टूल असतं, आणि ते गॅलरीच्या कठड्याला टेकवलेलं. कठडा कमरेइतका, स्टुलावर चढलं की गुडघ्याइतका. ग्रिल नसलेल्या गॅलरीत, चौथ्या-पाचव्या मजल्यावर, कंदिलाची दोरी हुकात अडकवायला माणूस एक हात वर करून बाहेर झुकतो. सौम्य झटका बसला तरी तोल जायला पुरतो. बाहेरच्या बाजूला लावायचंच असेल तर आतून उभं राहून लांब काठीने लावता येईल एवढंच लावावं. बाकीचं सोडून द्यावं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला काही उणं दिसणार नाही.

जुन्या पनवेलच्या आळ्यांत आणि आजूबाजूच्या गावठाणांत प्रश्न वेगळा आहे. तिथे घरावरून किंवा घराला लागून महावितरणच्या तारा जातात आणि कंदील उंच दिसावा म्हणून गच्चीवर बांबू उभा करण्याची रीत अजून टिकून आहे. ११ हजार व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारांपासून इमारतीचं आडवं अंतर किमान १.२ मीटर असावं असा नियम आहे. हे अंतर घर बांधताना पाळलं असलं तरी बांबू उभा करताना मोडतं. ओला बांबू वीज वाहतो. तार घराजवळ असेल तर बांबू नको, कंदील ओसरीतच शोभतो. तार लोंबकळत असेल, ठिणग्या उडत असतील तर महावितरणचा १९१२ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

इमारतींच्या दर्शनी भागावर गच्चीपासून तळमजल्यापर्यंत माळा सोडायचं काम सोसायट्या डेकोरेटरला देतात. गच्चीवर लिफ्टच्या खोलीतून जोडणी, जमिनीवर पसरलेले जोड, आणि खालच्या मजल्यावरच्या प्रत्येक ग्रिलला टेकत गेलेली वायर. त्या माळेचा स्विच कुणाच्या हातात आहे हे खालच्या मजल्यावरच्या बाईंना ठाऊक नसतं, पण ग्रिल त्यांचं असतं. समितीने पैसे ठरवताना एवढं तरी ठरवून घ्यावं: तात्पुरत्या बोर्डावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, जोड बंद डबीत आणि जमिनीपासून वर, पाऊस आला की माळा बंद करणारा एक माणूस, आणि त्याचा फोन नंबर लिफ्टजवळ चिकटवलेला. वायरी जिन्यातून नेऊ नयेत. जिना मोकळा असणं किती महत्त्वाचं, हे पनवेलकरांना कुणी शिकवायला नको. २१ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, कामोठ्यात सेक्टर ३६ मधल्या एका इमारतीत आग लागली आणि आई व मुलगी दोघी गेल्या. त्याच दिवशी मध्यरात्रीनंतर वाशीतल्या इमारतीच्या आगीत चौघांचा जीव गेला. त्यात सहा वर्षांची मुलगी होती. या आगी माळांच्या होत्या असं मी म्हणत नाही. पण दिवाळीत प्रत्येक घरात पणत्या, पडदे, वायरी, तळण आणि फटाके एकाच वेळी असतात, आणि धूर भरल्यावर बाहेर पडायला जिना हा एकच रस्ता उरतो. पणत्यांची रांग आणि माळेची वायर एकाच कठड्यावर असू नये, हे त्याच कारणासाठी.

इतकं सांभाळूनही कुणाला धक्का बसलाच तर पहिला आवेग आवरावा लागतो, कारण हात आपोआप त्या माणसाकडे जातो. आधी मेन स्विच. तो लांब असेल तर प्लग ओढावा, तेही जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने वायर दूर करावी. मगच स्पर्श. श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन लावून छातीच्या मधोमध, दोन्ही हातांनी, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहायचं, रुग्णवाहिका येईपर्यंत. धक्का बसून माणूस लगेच सावरला, बोलू-चालू लागला, तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढावा. हृदयाची लय बिघडलेली असली तरी बाहेरून दिसत नाही.

शेवटी माळा उतरवण्याबद्दल. बऱ्याच घरांत कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहतो, ते ठीकच. पण माळा पुढे नाताळ, संक्रांत करत होळीपर्यंत लोंबतात. ऊन लागून प्लास्टिक कडक होतं, त्याला चिरा जातात, आणि जूनच्या पहिल्या पावसात ती चिरलेली वायर ग्रिलवर असते. तुळशीचं लग्न झालं की एखाद्या कोरड्या दुपारी प्लग काढून माळ उतरवावी, ग्रिलवरून ओढून न काढता एकेक गाठ सोडवत. पुठ्ठ्यावर सैल गुंडाळावी, गुंडाळताना बोटं वायरीवरून फिरवत न्यावीत. जिथे खरखरीत लागेल तिथे थांबून पाहावं. प्लास्टिक फाटलेलं असेल तर माळ टाकून द्यावी. पण तशीच कचऱ्यात टाकू नये. कचरा वेचणाऱ्या किंवा इमारतीत काम करणाऱ्या कुणाच्या तरी घरी ती पुन्हा लागते, आणि तिथे आरसीसीबी नसतो. कात्रीने प्लग कापून बाजूला करावा, माळेचे चार तुकडे करावेत आणि मग ई-कचऱ्यात द्यावी.